ताटाच्या कडेचे काटे

केस कापून झाले की माणूस आरशात बघतो. काटेकाका आधी खाली फरशीवर बघत. किती पडले, कुठून पडले, सगळं न्याहाळून झालं की मग मान वर करून आरशाकडे वळत. अंधेरी पूर्वेला आमच्या ऑफिसच्या इमारतीखालीच एक सलून होतं. तिथे एकदा आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो, म्हणून हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कापणाऱ्याने वैतागून विचारलं, "क्या काका, कुछ गिर गया क्या?" तर म्हणाले, "गिरा वोईच देख रहा हूं. बराबर गिरा की नहीं."

ऑफिसात त्यांना सगळे तोंडावर काका म्हणायचे आणि पाठीमागे काटेकाका. त्यांचे असे किस्से माझ्याकडे भरपूर आहेत आणि मी ते रंगवून सांगतो. लोक हसतात, आणखी सांग म्हणतात. एक किस्सा मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. तो सांगितला की बाकीचे सांगायचं तोंड मला उरत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे औद्योगिक वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. पंधरा-सोळा माणसं, एक एसी, तोही बॉसच्या डोक्यावर. लहान दवाखाने आणि डायलिसिस सेंटर यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. पेशंटच्या वेळा लावायच्या, बदल झाला तर त्यांच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचे, अशी कामं. मी तिथे लागलो तेव्हा मला कॉलेजातून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं. आमच्या घरातला मी पहिला इंजिनिअर. आई घाटकोपरच्या आमच्या सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती की पोरगा कॉम्प्युटरला आज्ञा देतो. काका तेव्हा पंचावन्नच्या पुढे होते. आम्ही लिहिलेलं तपासून त्यातल्या चुका काढणं हे त्यांचं काम. त्यांना कोड लिहिता येत नव्हता, वाचता मात्र येत होता. पन्नाशीत शिकले होते, चाळीस पानी वहीत नोट्स काढून. दर वर्षी करार नवा व्हायचा. पक्कं करा असं त्यांनी कधी मागितलं नाही, फक्त "इथूनच रिटायर व्हायचंय बघ मला" असं अधूनमधून म्हणायचे.

काटेकाका हे नाव पडलं ते माशांमुळे. ते दिंडोशीला राहत. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत. डब्यात आठवड्यातून चार दिवस मासे. ऑफिसात निम्मी मंडळी मासे न खाणारी, तेव्हा बॉसने एकदा मेल टाकला की पँट्रीत मासे आणू नयेत. काकांनी त्या मेलला "योग्य आहे" असं उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन मालाच्या लिफ्टजवळच्या जिन्यात बसायला लागले. तिथे वर्तमानपत्र अंथरून, डब्याचं झाकण उलटं ठेवून, त्यावर ते काटे लावत. टाकत नसत, लावत. मधला कणा उभा, त्याच्या दोन्ही अंगांना बारीक काटे, ज्या बाजूचे त्या बाजूला. जेवण झालं की झाकणावर मासा पुन्हा तयार असायचा, फक्त मांस नसलेला. मग ते बोटाने एकेक काटा मोजत. बांगड्याला काटे किती याचा त्यांच्याकडे पक्का आकडा होता. मी खूपदा विचारला, पण सांगायचे नाहीत. "मोज, कळेल," म्हणायचे.

आमच्या घरी मटण व्हायचं, सुकट व्हायची, पण ताजा मासा क्वचितच. आमची माणसं जालन्याकडची. मासा खायचा म्हणजे काट्याची भीतीच वाटायची. पहिल्या महिन्यात एकदा मी जिन्यात सिगारेट ओढायला गेलो, तर काकांनी नुसता डबा पुढे सरकवला. मी नको म्हटलं. "का रे?" म्हणाले. म्हटलं, "काटा अडकेल." तर म्हणाले, "काटा अडकतो तो घाई करणाऱ्याच्या घशात. बस."

त्या दिवसापासून त्यांनी मला मासा खायला शिकवला. बोटांनी तुकडा कसा दाबायचा, कण्याच्या कोणत्या बाजूने सुरुवात करायची, जिभेला काटा लागला तर घाबरून गिळायचं नाही, तोंड थांबवायचं आणि बोटाने काढायचा. आणि प्रत्येक वेळी एकच पालुपद. "काढलेला काटा दिसला पाहिजे. झाकणावर नाही ना दिसत, मग तो कुठेय? तुझ्या घशात."

हेच पालुपद त्यांनी आमच्या कोडला लावलं होतं, आणि ऑफिसला त्यांचा वैताग यायचा तो त्याच्यामुळे.

आमच्या कामात साफसफाई फार. सेंटरवरची माणसं रजिस्टरमधून नावं, नंबर, तारखा कॉम्प्युटरवर चढवायची. कुणी नावाच्या पुढे दोन जागा सोडायचं, कुणी मागे टिंब द्यायचं, कुणी नंबरात रेघा मारायचं. तो मजकूर वापरण्याआधी त्यातलं फालतू काढून टाकावं लागतं. आम्ही जावास्क्रिप्ट या भाषेत लिहायचो आणि तिच्यात हे काम एका ओळीचं आहे. रिप्लेस म्हणून एक आज्ञा असते. काय शोधायचं ते सांगायचं, त्याच्या जागी काय ठेवायचं ते सांगायचं, आणि जागा रिकामी ठेवली की सापडलेली अक्षरं गायब. मागमूस राहत नाही. आम्हा पोरांना त्याची मजाच वाटायची.

काकांना मात्र ते पटायचं नाही. त्यांचं म्हणणं, काढून टाकणाऱ्या प्रत्येक फंक्शनने, म्हणजे कोडच्या तेवढ्या तुकड्याने, दोन गोष्टी परत द्यायच्या. उरलं ते, आणि काढलं ते. दोन्ही समोरासमोर. तुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "झकास. ताट दाखवलंस. आता काटे दाखव."

"काका, काटे कशाला? स्पेस काढलीय फक्त."

"किती?"

"असेल एक-दोन."

"एक का दोन?"

असा तो माणूस. आमच्यातल्या एकाने एकदा चिडून म्हटलं, "काका, कचरा आहे तो यार. कचऱ्याचा काय हिशेब ठेवायचा?" काका शांतपणे म्हणाले, "तो कचरा आहे हे तू ठरवलंस. मला फक्त बघू दे." त्या पोराच्या खुर्चीमागून मात्र ते हलले नाहीत. शेवटी त्याने काटे छापून दाखवले. त्यात खरोखरच नुसत्या मोकळ्या जागा होत्या. काकांनी त्या मोजल्या, "अकरा" म्हणाले आणि गेले.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला जिन्यातच सांगितलं. त्याआधी वीस-बावीस वर्षं ते औषधांची लेबलं छापणाऱ्या एका छापखान्यात तपासनीस होते. तिथे प्लेटवर धुळीचे ठिपके यायचे, ते एक कारागीर खरवडून काढायचा. हात इतका साफ की सगळे त्याची तारीफ करायचे. एके दिवशी काकांनी सवयीने छापलेलं लेबल मूळ कागदाशी ताडून पाहिलं, तर लहान मुलांच्या औषधाचं प्रमाण अडीचऐवजी पंचवीस झालेलं. मधला ठिपका त्या कारागिराला धूळ वाटला होता. माल छापखान्यातच थांबला, बाहेर गेला नाही. "पण तो माणूस वाईट नव्हता रे," काका म्हणाले. "चांगला हात होता त्याचा. फक्त खरवडलेलं फुंकर मारून उडवायचा. हातावर घेऊन बघितलं असतं तर त्यालाच कळलं असतं." मी विचारलं, "मग त्याचं काय झालं?" ते म्हणाले, "काय व्हायचंय? मी म्हटलं, चूक माझी आहे, मूळ कागदच पुसट होता. पुढे माझ्यापेक्षा जास्त काळजी घ्यायचा तो."

हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरून गेलो. पुढे फार उशिरा आठवलं.

त्यांची एक वही होती, लाल पुठ्ठ्याची, लांबुळकी. तपासताना जे खटकेल ते काका ऑफिसच्या शीटमध्ये लिहीत. ही शीट आम्ही सगळे उघडू शकायचो, सगळे लिहू शकायचो. आणि तिथे लिहिलेलं प्रत्येक वाक्य ते वहीतही उतरवत, बाजूला शीटमधल्या ओळीचा आकडा घालून. आम्ही हसायचो. कॉम्प्युटरवर आहे ते परत कागदावर कशाला? "कॉम्प्युटर चांगला आहे," काका म्हणायचे, "पण त्याच्यावर काय होतं ते दिसतं. काय होतं आणि गेलं, ते दिसत नाही." खरं तर जुनं शोधून काढायची सोय त्यातही असते, पण ती उघडून बघायची तसदी आमच्या ऑफिसात कुणी घेत नसे.

आता तो किस्सा.

मुलुंडच्या एका डायलिसिस सेंटरसाठी मेसेजचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदाच एकट्याकडे. पेशंटचे सातशे-आठशे मोबाइल नंबर होते, कसेही लिहिलेले. कुणाच्या आधी देशाचा एक्क्याण्णव, कुणाच्या आधी शून्य, कुणाचा नुसता दहा आकड्यांचा. सगळ्यांतून दहा आकडी नंबर काढायचा होता. मी रेघा काढल्या, मोकळ्या जागा काढल्या, शून्य काढलं आणि एक्क्याण्णव काढायला रिप्लेसची ती एक ओळ लिहिली. पाच-सहा नंबर तपासले. अगदी बरोबर आले. बॉस म्हणाला, "एकट्याने केलंस? सॉलिड! शुक्रवारी चालू करू." मला आकाश ठेंगणं झालं.

मी काय केलं होतं ते सांगतो, कारण ते लपवण्यासारखं आहे. रिप्लेस एक्क्याण्णव शोधतो तो नंबराच्या सुरुवातीलाच असं नाही. पहिला जिथे सापडेल तिथला तो उडवतो. ज्यांच्या नंबराच्या आधी देशाचे आकडे नव्हते, पण ज्यांच्या स्वतःच्या नंबरात मधेच कुठेतरी नऊ आणि एक शेजारीशेजारी होते, त्यांच्या नंबराचे मधले दोन आकडे मी उडवत होतो. दहाचे आठ होत होते. आठ आकड्यांवर मेसेज जात नाही आणि गेला नाही असं कुणी सांगायलाही येत नाही.

काकांनी गुरुवारी दुपारी तपासलं. काटे मागितले, मी तोंड वाकडं करत काढून दिले. संध्याकाळी शीटमध्ये त्यांचा शेरा होता, सत्तेचाळिसाव्या ओळीवर. "काही नंबरांना काटा नसताना काटा निघतोय. बघणे."

मी तो वाचला आणि हसलो. एक्क्याण्णव काढायचेच होते, मग निघणारच! म्हातारा आपला काटे मोजत बसलाय. मी काहीही उघडून पाहिलं नाही. त्यांच्या शेऱ्यापुढे लिहिलं, "बघितलं. ओके."

बघितलं. एक शब्द. काकांनी तो वाचला आणि पुढे हिरवी खूण केली. दुसऱ्या कुणी तो शब्द लिहिला असता तर ते त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले असते, याची मला खात्री आहे. माझ्या खुर्चीमागे आले नाहीत, कारण मासा खायला त्यांनी मला शिकवलं होतं.

पुढच्याच शनिवारी सेंटरचा पाणी शुद्ध करायचा प्लांट बिघडला. मशीन बंद. पेशंटना सकाळीच मेसेज गेले की आज मुलुंडला येऊ नका, घाटकोपरच्या शाखेत या. बहुतेकांना ते मिळाले. पस्तीस-चाळीस जणांना मिळाले नाहीत. त्यातले बरेच एकमेकांना फोन करून कसेबसे घाटकोपरला पोचले. एक आजी एकट्याच रिक्षा करून मुलुंडला आल्या. शटर अर्धं खाली होतं. उशीर होत असेल, उघडतील, म्हणून पायरीवर बसल्या आणि दुपारपर्यंत बसून राहिल्या. मग घरी गेल्या. रविवारी त्यांना धाप लागली, छातीत पाणी झालं म्हणून दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या वाचल्या. आठ दिवसांनी घरी आल्या. हे मी लगेच सांगतोय, कारण मला स्वतःला हे कळायला तीन दिवस लागले होते आणि ते तीन दिवस मी कुणावर आणू नयेत.

सोमवारी मी आठ वाजताच ऑफिसात पोचलो. सेंटरवाल्यांनी मेसेज न मिळालेल्यांचे नंबर पाठवले होते. ते नुसते वाचले आणि मला कळलं. प्रत्येक नंबरात कुठे ना कुठे तो नऊ आणि तो एक.  मग मी शीट उघडली. सत्तेचाळीसवी ओळ. काकांचा शेरा, आणि पुढे माझं "बघितलं. ओके." आपणच लिहिलेलं आपल्यालाच वाचवेना.

इथे मला कुणी ढकललं नाही, कुणी सांगितलं नाही. मी ती ओळ निवडली आणि काढून टाकली. खालच्या ओळी वर सरकल्या. मधे काही होतं असं वाटेनासुद्धा.

साडेआठला काका आले. नेहमीप्रमाणे पिशवी खुर्चीला अडकवली, मला म्हणाले, "लवकर आलास? काय खाल्लंस का?" मी हो म्हटलं.

अकराला बॉसने सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर शीट मोठी करून लावली होती. बॉस ओरडणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याचा आवाज कापत होता. सेंटरवाले काम काढून घेणार म्हणून, आणि त्या आजींमुळेही असेल.

"काका, हे तुम्ही तपासलं होतं ना?"

"तपासलं होतं."

"मग? एवढी वाट लागली तोपर्यंत काहीच दिसलं नाही तुम्हाला?"

काकांनी लाल वही उघडली. पान उलटलं. बोट एका ओळीवर ठेवलं आणि भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या सत्तेचाळिसाव्या ओळीत दुसरंच काहीतरी होतं, जे त्यांच्या वहीत अठ्ठेचाळिसावं होतं. त्यांनी एकदा वहीत पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग माझ्याकडे. रागाने नव्हे. जिन्यात मी घाईने घास तोंडात टाकला की बघायचे, अगदी तसं.

मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होतो.

"बोला ना काका," बॉस म्हणाला. "तुम्ही तर म्हणता, तुमच्याकडून काही सुटत नाही."

काकांनी वही मिटली. "सुटलं," म्हणाले.

बावीस वर्षं छापखान्यात आणि सहा वर्षं आमच्याकडे, त्या माणसाच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता.   मला एवढंच म्हणायचं होतं, "सर, काकांनी लिहिलं होतं, मी काढलं." सहा शब्द. मी आजही ते मोजतो. तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आई गल्लीत काय सांगेल, हे सगळं मनात आलं, नाही असं नाही. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. सगळ्यांनी एका बाजूला बघायला सुरुवात केली होती आणि मी त्या बाजूला नव्हतो. मला तिथे बरं वाटलं. एक क्षणभर मला चक्क बरं वाटलं.

महिन्याच्या शेवटी त्यांचा करार संपत होता, तो पुढे चालवला नाही. बॉसला सेंटरवाल्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. निरोपाला केक आणला. काकांनी कापायच्या आधी सगळ्यांना विचारलं की मासे नाहीत ना यात, आणि लोक हसले. लाल वही त्यांनी पिशवीत घातली. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ये रे घरी जेवायला एकदा." त्यांचा हात मला सहन होईना, मी कुणाचा तरी फोन आल्यासारखं केलं.

त्यानंतर मी आठ वर्षं गेलो नाही. एकदा मेट्रोच्या पुलावर ते समोरून येताना दिसले, तर मी उलटा वळलो आणि दुसऱ्या जिन्याने खाली उतरलो. त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही. पाहिलं असणार. त्यांना गेलेलं दिसायचं.

पण या आठ वर्षांत मी सुधारलो, आणि हेच सगळ्यात लाजिरवाणं आहे. त्या सोमवारनंतर मी काढून टाकणारं एकही फंक्शन काटे दाखवल्याशिवाय लिहिलं नाही. कंपनी बदलली, टीम मिळाली, टीमलाही तीच शिस्त लावली. काय उरलं आणि काय काढलं, दोन्ही समोरासमोर. चुका इतक्या कमी झाल्या की मला एकदा सगळ्यांसमोर उभं करून बोलायला सांगितलं. आमच्याकडे आता त्या नियमाला माझ्या आडनावाने ओळखतात. नवीन पोरांना सांगतात, "सरांचा नियम आहे, काटे दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही."

मागच्या महिन्यात टीममध्ये एक मुलगी आली, रत्नागिरीची. तिने माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "सर, काटे हा शब्द भारी आहे. तुम्हाला कसा काय सुचला? तुम्ही मासे खाता?"

मी म्हटलं, "असंच गं. अनुभवाने सुचतं."

ती गेली आणि मी बसून राहिलो. पहिल्या वेळी मी चोवीस वर्षांचा होतो, घाबरलो होतो, असं म्हणता तरी येत होतं. आता मला कोण खाणार होतं? तरी मी त्यांना काढलं. काही न होता, सवयीने, फुंकर मारून.

त्या रविवारी मी दिंडोशीला गेलो. पत्ता ऑफिसच्या जुन्या मित्राकडून घेतला. तिसरा मजला, दारावर नारळाची तोरणं, आत रेडिओ. काका थकले होते, पण चष्मा तसाच कपाळावर. मला पाहून ते अजिबात दचकले नाहीत. "आलास? जेवायला बस," म्हणाले, जणू मी खालून पाव आणायला गेलो होतो. रिक्षात मी वाक्य पाठ केलं होतं. काका, तो शेरा मी काढला होता. बसल्याबसल्या सांगायचं ठरवलं होतं, पण काकू आतून ताटं घेऊन आल्या आणि मी मनात म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू.

बांगड्याचं तिखलं होतं आणि भात. काकांनी शेपटीकडचा तुकडा माझ्या ताटात घातला. "काटे कमी," म्हणाले. आम्ही जेवायला लागलो. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, काम कसं चाललंय विचारलं. मी म्हटलं, चांगलं चाललंय. टीम आहे, हे सांगितलं. नियमाचं सांगितलं नाही. समोरच्या कपाटावर, देवाच्या फोटोशेजारी, ती लाल वही उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो आणि पुनःपुन्हा बघत होतो.

जेवण संपत आलं. काकांच्या ताटाच्या कडेला मासा नेहमीसारखा तयार झाला होता. मग त्यांनी वाकून माझ्या ताटात पाहिलं आणि बोटाने मोजायला सुरुवात केली.

आतून काकू म्हणाल्या, "तुम्ही काय मोजतास? पोराक सुखान जेवूक देवा."

काकांनी मोजून पूर्ण केलं. "एक कमी आहे," म्हणाले.

माझा हात थांबला.

"नीट बघ. एक काटा दिसत नाही."

ते माझ्याकडे बघत होते, भिंतीवरच्या शीटवरून वळून पाहिलं होतं तसेच. मला कळलं की हे जेवण, हा तुकडा, ही मोजणी, हे सगळं त्यांनी मला जागा करून देण्यासाठी मांडलं होतं. कदाचित आठ वर्षं मांडून ठेवलं होतं. मला फक्त तोंड थांबवायचं होतं आणि बोटाने काढायचा होता. वाक्य जिभेवर आलं होतं, खरंच आलं होतं.

"गिळला असेन," मी म्हणालो.

 काकांनी स्वतःच्या ताटातला कोरडा भात घेतला, बोटांनी घट्ट दाबून त्याचा गोळा केला आणि माझ्या ताटात ठेवला. लहान मुलाच्या घशात काटा अडकला की असाच गोळा देतात. "चावू नको. अख्खा गिळ."

मी गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"गेला?"

"गेला," मी म्हणालो.

त्यांनी माझं ताट जवळ ओढलं, कडेचे काटे पहिल्यापासून पुन्हा मोजले आणि आत वळून म्हणाले, "ह्येका आणखी भात वाढ गो."